डे ला रे : सभागृहात युद्ध नको म्हणाला, मैदानात शेवटपर्यंत राहिला

रानवाटा (धागाकर्ता)

दक्षिण आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे गांधी, मग थेट मंडेला आणि उरलेल्या वेळात क्रिकेट. बोअर युद्ध, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांचं इंग्रजांशी झालेलं युद्ध, शाळेच्या पुस्तकात एका ओळीत आटपतं. त्या ओळीतल्या एका माणसाबद्दल बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं.

१८९९. ट्रान्सवाल प्रजासत्ताकाची राजधानी प्रिटोरिया. तिथल्या विधिमंडळाची, म्हणजे फोक्सराडची, गुप्त बैठक चालू आहे. इंग्लंडशी भिडायचं की नाही यावर खल. अध्यक्ष पॉल क्रूगर म्हातारा, हेकट, आणि बहुमत त्याच्या मुठीत. लिख्टेनबर्गचा सदस्य उठतो आणि सांगतो, हे युद्ध ओढवून घेऊ नका, आपल्याला झेपणार नाही. क्रूगर त्याला भित्रा ठरवतो. त्यावर या सदस्याने दिलेलं उत्तर तिकडे अजून सांगितलं जातं: सभागृह ठरवेल ते मी करीन, आणि तोंडाने युद्ध करणारे तुम्ही सगळे देश सोडून गेलेले असाल तेव्हाही मी रणात असेन.

क्रूगर १९०० साली युरोपला गेला आणि १९०४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला. हा सदस्य मे १९०२ पर्यंत घोड्यावर होता.

याकोबस हर्क्युलास डे ला रे, सगळे त्याला ‘कूस’ म्हणत. जन्म २२ ऑक्टोबर १८४७, विनबर्गजवळच्या एका शेतावर. पुढच्याच वर्षी बूमप्लाट्सची लढाई इंग्रजांनी जिंकली आणि बापाची जमीन जप्त झाली. बैलगाड्या जुंपून कुटुंब व्हाल नदीपलीकडे ट्रान्सवालमध्ये आलं, लिख्टेनबर्गच्या माळावर राहिलं. शिक्षण जेमतेम. किंबर्लीला हिरे सापडल्यावर खाणींकडे माल वाहून नेण्याचा धंदा तेजीत आला, त्यात हा पोरगा गाडीवान झाला. सोळा-सोळा बैल जुंपलेल्या गाड्या आणि नजर पोचेल तिथवर माळ. पाणी कुठे मिळतं, कुठला ओढा पावसात अडवतो, कुठल्या टेकाडामागे शंभर घोडी दडतात, हे त्याला पुढे बिनचूक ठाऊक असे, त्याचं मूळ या गाडीवानीत असावं असं माझं मत.

१८७६ मध्ये याकोबा ग्रीफशी लग्न. तिला नॉनी म्हणत. आधी ग्रीफांच्या मनाना या शेतावर संसार, नंतर स्वतःचं एलांड्सफोंटेन. घरात डझनभर मुलं, शिवाय आईबाप गेलेली दुसऱ्यांची मुलंही तिथेच वाढली.

शिपाईगिरी ही तिकडे वेगळी नोकरी नव्हती. तोफखाना आणि पोलीस सोडले तर पगारी फौज नाही. बोलावणं आलं की शेतकऱ्याने स्वतःचा घोडा, बंदूक आणि काही दिवसांची शिदोरी घेऊन हजर व्हायचं. अशा तुकडीला कमांडो म्हणत. अधिकारीही हेच लोक मतं देऊन निवडत. डे ला रे १८६५ च्या बासुतो युद्धात होता तेव्हा अठरासुद्धा पुरी नव्हती. १८७६ ला पेडी लोकांचा राजा सेखुखुने याच्यावरच्या मोहिमेत, १८८०-८१ च्या पहिल्या इंग्रज-बोअर युद्धात पॉचेफस्ट्रूमच्या वेढ्यात. १८८५ ला लिख्टेनबर्गचा कमांडंट, १८९३ ला फोक्सराडचा सदस्य. लढाईत कुणाच्या मागून जायचं हे ज्यांनी ठरवलं तेच त्याचे मतदार.

सभागृहात तो पीट जूबेरच्या सुधारणावादी गटातला. १८८६ ला विटवॉटर्सरँडला, म्हणजे आजच्या जोहान्सबर्गच्या भागात, सोनं सापडल्यापासून परदेशी गोऱ्यांचा लोंढा आला होता. कर भरायचे ते यांनी, मताधिकारासाठी थांबायचं मात्र १४ वर्षं. क्रूगरचं धोरण असं की यांना मत दिलं तर देश हातचा गेला. डे ला रे म्हणायचा, काहीतरी द्या, नाहीतर इंग्लंडला निमित्त मिळेल. इंग्लंडला निमित्त मिळालं.

युद्धाचा भाग प्रतिसादांत टाकतो, इथे फार लांबेल.

ओवी

वाचतेय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). अधिकारी निवडून द्यायचे हे भारीच. एखाद्याने शिस्त लावली तर पुढच्या वेळी पडणारच की तो!

रानवाटा

@ओवी, तसंच व्हायचं. रात्रीतून घरी निघून जाणारे, हुकूम पटला नाही म्हणून मागे राहणारे, सगळे प्रकार. युद्धाच्या पहिल्या वर्षात बोअर सेनापतींचं निम्मं बळ माणसं गोळा करण्यात जात होतं. डे ला रेच्या माणसांत हे कमी दिसतं.

शेवगा

मी लष्करी बाजूचा वाचक. युरोपात खंदकांचं युद्ध सुरू व्हायच्या पंधरा वर्षं आधी ते डे ला रेने लढून दाखवलं, असं काही जण लिहितात. थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. धागाकर्त्याची हरकत नसेल तर हा तुकडा मी लिहितो.

रानवाटा

लिहा लिहा, माझं टंकन वाचेल.

शेवगा

तर. बोअरांनी इंग्लंडला दिलेली निर्वाणीची मुदत ११ ऑक्टोबर १८९९ ला संपली. दुसऱ्या दिवशी क्राइपान स्टेशनजवळ डे ला रेच्या माणसांनी रूळ उखडून इंग्रजांची चिलखती आगगाडी पकडली. युद्धातली ही पहिली चकमक. नियतीचा विनोद बघा, युद्ध नको म्हणून भांडलेल्या माणसाच्याच हातून सुरुवात.

मग इंग्रज जनरल लॉर्ड मेथ्यून बोअरांनी घातलेला किंबर्लीचा वेढा उठवायला रेल्वेच्या कडेकडेने निघाला. नोव्हेंबरात बेलमाँट आणि ग्रासपान इथे बोअर नेहमीसारखे टेकड्यांच्या माथ्यावर बसले आणि दोन्हीकडून त्यांना उठावं लागलं. कारण साधं. माथा तोफेला लांबून दिसतो. वरून खाली झाडलेली गोळी एकाच जागी जमिनीत घुसते. आणि टेकडीच्या पायथ्याशी शत्रू पोचला की तो वरून दिसतही नाही.

डे ला रेने उलटं मांडलं. त्यांच्याकडे जर्मन माउझर बंदुका होत्या, बिनधुराच्या काडतुसांच्या. गोळी लांबवर जमिनीला समांतर जाते, म्हणजे सपाटीवर झोपून मारली तर कमरेच्या उंचीवर शेकडो यार्डांचा पट्टा झाडून निघतो, आणि धूर नसल्याने मारणारा सापडत नाही. मग टेकडी हवी कशाला? २८ नोव्हेंबरला मॉडर नदीवर त्याने माणसं नदीच्या काठातच चर खणून बसवली. मेथ्यूनला समोर मोकळा माळ आणि झाडांची ओळ दिसत होती. संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे जवळपास पाचशे मृत आणि जखमी. तरी रात्री बोअर मागे सरले, कारण त्यांची उजवी बाजू फुटली होती.

पुढचा मुक्काम माखर्सफोंटेन. वरिष्ठ सेनापती पीट क्रोन्ये पुन्हा टेकडी धरून बसायच्या विचारात. डे ला रेने पायथ्यापुढच्या मैदानात अरुंद, खोल चर खणून झाडोऱ्याने झाकायचा आग्रह धरला. ट्रान्सवालच्या बाजूने लढणाऱ्या शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेट या बोअर प्रजासत्ताकाचे अध्यक्ष स्टाइन आले, त्यांनी त्याची बाजू घेतली. १० डिसेंबरला मेथ्यूनच्या तोफांनी दिवस मावळेपर्यंत मोकळी टेकडी भाजून काढली. ११ च्या पहाटे इंग्रजांची स्कॉटिश हायलँड ब्रिगेड पावसात, अंधारात, खांद्याला खांदा लावून चालत आली आणि उजाडताना चरासमोर उभी ठाकली. ब्रिगेडचा जनरल वॉकोप पहिल्या काही मिनिटांत गेला. उरलेले दिवसभर पालथे पडून राहिले, डोकं वर काढायची सोय नाही. घागऱ्यासारखा किल्ट, त्यामुळे गुडघ्यामागची कातडी उन्हाने सोलली. एकूण नऊशेच्या वर मृत आणि जखमी. त्याच आठवड्यात स्टॉर्मबर्ग आणि कोलेन्सोलाही इंग्रज हरले. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्याला काळा आठवडा नाव दिलं.

रानवाटा

शेवगा, उत्तम. एक राहिलं. मॉडर नदीवर डे ला रेचा मोठा मुलगा आद्रियान बाजूलाच लढत होता. तोफगोळ्याने जखमी झाला. बाप स्वतः खांद्याला जखम झालेला. माघारीच्या गोंधळात मुलाला याकोब्सडालच्या इस्पितळात नेलं, तिथे तो गेला. समोर मेथ्यूनची फौज होती हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

फेब्रुवारी १९०० मध्ये क्रोन्ये पार्डेबर्गला सुमारे चार हजार माणसांसह शरण गेला, ५ जूनला प्रिटोरिया पडली. इंग्रजांच्या हिशेबी युद्ध संपलं. डे ला रे, बोथा, डे वेट या बोअर सेनापतींच्या हिशेबी आता कुठे सुरू झालं. राजधानी नाही, आगगाडी नाही, कोठार नाही. पश्चिम ट्रान्सवाल डे ला रेकडे. जुलैत सिलिकाट्स नेकला स्कॉट्स ग्रेज या घोडदळाचे लोक पकडले, डिसेंबरात नूइटखेडाख्टला इंग्रज जनरल क्लेमेंट्सचा तळ उधळला. माउझरची काडतुसं संपली तेव्हा त्यांची माणसं इंग्रजांच्याच ली-मेटफर्ड बंदुका आणि इंग्रजांचीच काडतुसं वापरत होती. कपडेही इंग्रजांचेच. इंग्रज सरसेनापती किचनरचा पुरवठा विभाग दोन्ही बाजूंना पोसत होता म्हणा.

घनचक्कर

दोन्ही बाजूंना पुरवठा करणारे ठेकेदार आमच्या तालुक्यात आहेत, इतिहासात शोधायला नको.

ओवी

आणि नॉनी? डझनभर मुलं घेऊन ती कुठे होती या काळात? पुरुषांच्या धाग्यात बायका 'लग्न १८७६' एवढ्यावर संपतात म्हणून विचारते.

रानवाटा

@ओवी, रास्त. नॉनीवर खरं तर स्वतंत्र धागा व्हावा. गनिमी काव्याला उत्तर म्हणून आधीचा सरसेनापती रॉबर्ट्सने आणि मग किचनरने शेतघरं जाळायला सुरुवात केली, सुमारे तीस हजार जाळली. पिकं, गुरं, सगळं. उघड्यावर आलेल्या बायकामुलांना तंबूंच्या छावण्यांत कोंडलं. नॉनीने छावणीत जायचं नाकारलं. एक गाडी, मुलं, थोड्या गाई, कोंबड्या आणि काळे नोकर एवढ्यानिशी ती दीड वर्षाहून जास्त काळ माळावर फिरत राहिली. इंग्रज तुकडी जवळ आल्याची बातमी आली की गाडी जुंपायची, कणीक मळलेली असो वा नसो. तुपातेलाला आणि साबणाला पर्याय, मेणबत्त्या घरी ओतणं, पोरांची आजारपणं, सगळं तिने नंतर आठवणींत लिहून ठेवलं. त्या १९०३ मध्ये छापल्या गेल्या. नवऱ्याच्या चरित्रापेक्षा मला त्या जास्त जिवंत वाटतात.

छावण्यांत गेलेल्यांचं काय झालं ते आकड्यांत: सुमारे २८,००० बोअर मृत्यू, त्यांतले २२,००० सोळा वर्षांखालची मुलं. गोवर, विषमज्वर, आमांश. एमिली हॉबहाउस नावाच्या इंग्रज बाईने १९०१ मध्ये ब्लूमफोंटेनच्या छावणीत जाऊन पाहिलं आणि लंडनला परत येऊन आपल्याच सरकारचे वाभाडे काढले.

काळी_माती

आता थोडं कडू बोलतो. छावण्यांचे आकडे अर्धेच आलेत. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथे निदान १४,००० मेले, आणि ही नोंदलेली संख्या, खरी याहून मोठी मानतात. त्यांचं शेत कुणी जाळलं म्हणून ते आत नव्हते, बोअरांच्या शेतावर राबत होते म्हणून होते. त्यांच्यासाठी कुणी हॉबहाउस आली नाही.

दुसरं, 'शेतकरी' हा शब्द वाचून आपल्या डोळ्यांसमोर दोन एकर कोरडवाहूवाला येतो आणि लगेच मन पाघळतं. बोअरांचं एक पुरं शेत म्हणजे ३,००० मॉर्गन, सहा हजार एकरांच्या वर. ही जमीन रिकामी नव्हती. लिख्टेनबर्गच्या पश्चिमेला बारोलोंग जमातीचे लोक होते. बासुतो युद्ध आणि सेखुखुनेवरची मोहीम या कुणाच्या जमिनीवरच्या लढाया होत्या? शूर होता, मान्य. साम्राज्याविरुद्ध लढला, मान्य. पण स्वातंत्र्य कुणाचं?

शेवगा

+१ पहिल्या परिच्छेदाला. दुसऱ्याबद्दल एवढंच की त्या काळातल्या कुणालाही या गाळणीतून घातलं तर खाली काही पडणार नाही.

काळी_माती

@शेवगा, तो 'काळ' सगळ्यांचा होता, काळ्यांचाही. त्यांना तेव्हाही हे मान्य नव्हतं. कमांडोंबरोबर काळे अख्तररायर असायचे. घोडे सांभाळायचे, स्वयंपाक करायचे, प्रसंगी बंदूक चालवायचे. मालकाबरोबर तेही मेले. तहाच्या कागदावर त्यांच्या वाट्याला काय आलं ते रानवाटा सांगतीलच.

रानवाटा

सांगतो, टाळणार नाही. आधी ट्वीबॉश, कारण तह त्यानंतर तीन महिन्यांत झाला.

७ मार्च १९०२. मेथ्यून डे ला रेच्या मागावर होता. ट्वीबॉशला डे ला रेच्या घोडेस्वारांनी खोगिरावरूनच बंदुका झाडत धाव घेतली, इंग्रजांची पिछाडी मोडली, तोफा घेतल्या, शेकडो कैदी धरले. त्यांत स्वतः मेथ्यून, मांडीचं हाड मोडलेला. साऱ्या युद्धात बोअरांच्या हाती लागलेला हा एकमेव इंग्रज जनरल. किचनर ही बातमी ऐकून दोन दिवस अन्नपाणी सोडून खोलीत बसला असं सांगतात.

आता हा कैदी म्हणजे सोन्याची खाण. वाटाघाटींसाठी ओलीस ठेवता आला असता. आणि मॉडर नदीवर याच मेथ्यूनच्या फौजेसमोर डे ला रेचा मुलगा पडला होता. त्याने मेथ्यूनला क्लेर्क्सडॉर्पच्या इंग्रज इस्पितळात पाठवून दिलं, कारण बोअरांकडे धड डॉक्टरही नव्हता. त्याच्या माणसांना हे अजिबात पसंत नव्हतं. घरं जाळलेली, बायका छावणीत. त्यांची समजूत काढावी लागली. युद्धानंतर दोघांचा स्नेह टिकला.

काळी_माती यांचे मुद्दे मला मान्य आहेत, तरी या प्रसंगापाशी मी थांबतो. दयाळू म्हणून नव्हे. निवडून आलेला सेनापती आपल्या मतदारांना न आवडणारी गोष्ट करतो आणि नंतर त्यांच्यासमोर उभा राहून ती पटवतो, ही फोक्सराडमधलीच सवय आहे.

मे महिन्यात व्हेरीनिगिंगला ६० बोअर प्रतिनिधी जमले. लढत राहायचं की नाही? नुकताच जिंकून आलेला डे ला रे पुढे रेटेल अशी अनेकांची अपेक्षा. तो उलट बोलला. शेवटपर्यंत लढायचं म्हणता, मग हाच तो शेवट नव्हे काय, असा त्याचा सवाल होता. ५४ विरुद्ध ६ मतांनी तह मान्य. ३१ मे १९०२ च्या रात्री प्रिटोरियाच्या मेलरोज हाउसमध्ये सह्या झाल्या, त्यांत त्याची एक.

आणि तहाचं आठवं कलम: मूळ रहिवाशांच्या मताधिकाराचा प्रश्न स्वराज्य दिल्यानंतरच विचारात घ्यायचा. मराठीत, तुमचं तुम्ही बघा, आम्ही अडवणार नाही. इंग्रजांनी आणि बोअरांनी एकमेकांशी समेट केला तो या कलमावर.

नगरी_मिसळ

या धाग्यावर नगरचं नाव कसं आलं नाही अजून? बोअर युद्धकैदी आमच्या किल्ल्यात होते! ज्या किल्ल्यात १९४२ ला नेहरू, पटेल, आझाद होते तोच. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं तरी किल्ला तिथेच आहे. लहानपणी आजोबा 'बोअर लोकांचा कॅम्प' म्हणायचे, आम्हाला वाटायचं बोअरिंग मारणारे कुणीतरी.

रानवाटा

@नगरी_मिसळ, तुमचीच वाट पाहत होतो! इंग्रजांनी कैदी देशाबाहेर ठेवले: सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थान. हिंदुस्थानात नऊ हजारांच्या आसपास आले. नगर, बेल्लारी, त्रिचनापल्ली, अंबाला, सियालकोट अशा ठिकाणी तळ. रिकामा वेळ भरपूर, म्हणून लाकडात, हाडात कोरीव काम करत बसायचे. काठ्या, पेट्या, खेळणी. त्या वस्तू आता संग्रहालयांत आहेत.

तह झाला तरी घरी जायचं तर राजा एडवर्डशी निष्ठेची शपथ घ्यायची अट होती. काही हट्टी लोकांनी ती नाकारली आणि वर्ष उलटून गेलं तरी तळातच राहिले. त्यांना समजवायला कुणाला पाठवायचं? ज्याच्या शब्दावर ते विश्वास ठेवतील असा माणूस. १९०३ च्या अखेरीस डे ला रे स्वतः हिंदुस्थानात आणि सिलोनला आला. शेवटपर्यंत लढलेला माणूस न लढणाऱ्या जागी बसून लढणाऱ्यांना सांगतोय की पुरे आता, घरी चला, शेतं पडीक आहेत.

नगरी_मिसळ

हे ठाऊक नव्हतं!! बोअर कैद्यांबद्दल किल्ला बघायला येणाऱ्यांना कुणी एक शब्द सांगत नाही. नेहरूंची खोली दाखवतात आणि परत.

अर्धवट_पुणेकर

गांधीजी याच युद्धात होते ना? इंग्रजांच्या बाजूने. मग डे ला रेशी त्यांची गाठ पडली का?

शेवगा

रणात नाही. गांधींचं भारतीय शुश्रूषा पथक, सुमारे ११०० माणसं, नाताळच्या आघाडीवर होतं, कोलेन्सो आणि स्पिऑन कोप. समोर लुई बोथा. डे ला रे तेव्हा शेकडो मैल पश्चिमेला. गांधींचा हिशेब असा होता की साम्राज्याचे नागरिक म्हणून हक्क मागायचे तर कर्तव्यही करायला हवं. मन बोअरांकडे होतं हे त्यांनीच लिहिलंय, आणि छावण्यांत सोसणाऱ्या बोअर बायकांबद्दल तर फारच आदराने. हॉबहाउसबाईंशी त्यांची पुढे चांगली ओळख झाली. १९१४ ला गांधी आणि दक्षिण आफ्रिकेचे मंत्री स्मट्स यांच्यात झालेल्या तडजोडीत त्यांनी शब्द टाकला होता.

काळी_माती

गाठ रणात नाही, विधिमंडळात पडली म्हणायची. १९०७ मध्ये ट्रान्सवालला स्वराज्य मिळालं, निवडणूक झाली, बोथांचा हेट फोल्क पक्ष आला आणि डे ला रे निवडून आला. या नव्या विधिमंडळाने सुरुवातीलाच काय केलं? हिंदी लोकांच्या बोटांचे ठसे घ्यायचा नोंदणी कायदा, गांधी ज्याला काळा कायदा म्हणत, मार्च १९०७ मध्ये एका बैठकीत सगळी वाचनं उरकून मंजूर. सत्याग्रह पेटला तो यावरून. साम्राज्याच्या जाचातून सुटलेल्या शेतकऱ्यांच्या पहिल्या कामांपैकी हे एक. १९०८-०९ च्या राष्ट्रीय परिषदेत तो प्रतिनिधी होता. तिथे ठरलेल्या घटनेप्रमाणे १९१० ला सगळ्या वसाहती मिळून दक्षिण आफ्रिकेची युनियन झाली, आणि तिच्या संसदेत फक्त युरोपीय वंशाचे बसू शकत. तो सिनेटर झाला. १९१३ चा जमीन कायदा त्याच संसदेचा, ज्याने बहुसंख्य काळ्यांसाठी सुमारे ७ टक्के जमीन राखली. बैलगाडीतून निघालेलं, जमीन जप्त झालेलं पोर हे, त्याला जमीन जाणं म्हणजे काय ते कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

ओवी

काळी_माती, शेवटचं वाक्य वाचून गप्प बसले थोडा वेळ.

रानवाटा

माझ्याकडे याला उत्तर नाही आणि शोधायचीही इच्छा नाही, कारण ते आहेच तसं. मी एवढंच म्हणेन की क्रूगरपुढे उभं राहायची हिंमत असलेला माणूस बोथा-स्मट्ससमोर या प्रश्नावर उभा राहिला असता तर फरक पडला असता. जानेवारी १९१४ च्या संपातही तो सरकारच्या बाजूने कमांडो घेऊन जोहान्सबर्गला आला, कामगारांच्या ट्रेड्स हॉलसमोर तोफ लावली. मात्र त्याच वर्षी ऑगस्टात तो सरकारपासून लांब सरकला.

बाओबाब

मी जोहान्सबर्गला असते. लिख्टेनबर्गच्या चौकात याचा घोड्यावरचा पुतळा आहे, दाढी आणि गरुडासारखं नाक. २००६-०७ च्या सुमारास त्याच्यावरचं एक आफ्रिकान्स गाणं इतकं गाजलं की सरकारलाही त्यावर बोलावं लागलं. गोऱ्या तरुणांना 'जनरल, परत ये' म्हणायचंय ते नेमकं कशासाठी, असा वाद. माझी एक आफ्रिकानर सहकारी म्हणते, आजीकडून ऐकलेल्या छावण्यांचं गाणं आहे ते. दुसरा काळा सहकारी म्हणतो, ठीक आहे, पण परत येऊन काय करणार आहे हा जनरल? दोघं एकाच कँटीनमध्ये जेवतात. रानवाटा, मृत्यूबद्दल लिहा ना, इथे अजून लोक दोन तट पाडून भांडतात.

रानवाटा

@बाओबाब, लिहितो.

ऑगस्ट १९१४. महायुद्ध सुरू. इंग्लंडने युनियनला सांगितलं, शेजारचं जर्मन नैऋत्य आफ्रिका घ्या. पंतप्रधान बोथा तयार. जुने बोअर संतापले, १९०२ ला ज्यांनी घरं जाळली त्यांच्यासाठी आता जर्मनांशी लढायचं? जर्मनांनी तर आपल्याला माउझर विकल्या. डे ला रेचं मन पुरतं दुभंगलं. एकीकडे शपथ आणि जुना मित्र बोथा, दुसरीकडे इंग्लंड अडचणीत असताना प्रजासत्ताक परत मिळवायची संधी. १५ ऑगस्टला ट्रूरफोंटेनला सुमारे आठशे लोक जमले, उठावाचीच तयारी करून. बोथाने आधी त्याला बोलावून रात्री उशिरापर्यंत समजावलं होतं. डे ला रेने सभेला शांत राहायला सांगितलं. लोक घरी गेले.

पुढचा महिना. १५ सप्टेंबरला युनियनच्या फौजेचा सरसेनापती बेयर्सने राजीनामा दिला. त्या संध्याकाळी तो आणि डे ला रे मोटारीने पॉचेफस्ट्रूमच्या लष्करी तळाकडे निघाले. तिथला मेजर केम्प हाही राजीनामा देऊन बसलेला. त्याच रात्री पोलिसांनी जोहान्सबर्गभोवती नाकाबंदी केली होती, फॉस्टर टोळी नावाच्या दरोडेखोरांसाठी. टोळीही मोटारीतूनच फिरत होती. बेयर्सच्या गाडीने एकामागून एक नाकी थांबल्याशिवाय ओलांडली. लांगलाख्टेला शिपायाने गाडीवर गोळी झाडली. ती जमिनीवर आपटून उसळली आणि डे ला रेच्या पाठीत शिरली. तो गाडीतच गेला.

चौकशी झाली, अपघात ठरला. मला तेच पटतं. बोथाला त्याचा काटा काढायचा असता तर उसळलेल्या गोळीवर कोण विसंबेल? पण गाडी का थांबली नाही, हे चौकशीत बेयर्सला धड सांगता आलं नाही. दोघांना वाटलं असावं की नाकाबंदी आपल्यासाठीच आहे.

अर्धवट_पुणेकर

पण तो भविष्यवेत्ता होता ना एक? त्याने १५ आकडा आधीच सांगितला होता म्हणे. यूट्यूबवर आहे.

शेवगा

सीनर व्हान रेन्सबर्ग. वोल्मारान्स्टाडजवळचा शेतकरी, युद्धात डे ला रेच्याच कमांडोंबरोबर असायचा, आणि डे ला रेचा त्याच्यावर खरंच विश्वास होता. त्याने १९१४ मध्ये दृष्टान्त सांगितला: काळ्या ढगावर १५ चा आकडा, त्यातून रक्त गळतंय, मग डे ला रे बोडक्या डोक्याने घरी येतोय आणि मागून फुलांनी भरलेली गाडी. आधी सगळ्यांनी अर्थ लावला की १५ ऑगस्टला उठाव होणार आणि जनरल विजयी होऊन येणार. म्हणून तर ट्रूरफोंटेनला एवढी गर्दी. त्या दिवशी काहीच झालं नाही. महिन्याने १५ तारखेला तो मेला, आणि मग फुलांची गाडी म्हणजे शववाहिनी असा अर्थ निघाला. १५ तारीख दर महिन्याला येते हो.

घनचक्कर

आमच्याकडे निवडणुकीचं भविष्य असंच असतं, निकाल लागला की बरोबर ठरतं.

बाओबाब

शेवगा, हे इथल्या माळावरच्या लोकांसमोर बोलू नका, जेवायला मिळणार नाही. :)

नगरी_मिसळ

बेयर्स आणि केम्पचं पुढे काय झालं? उठाव झाला का शेवटी?

रानवाटा

झाला. २० सप्टेंबरला लिख्टेनबर्गला डे ला रेची अंत्ययात्रा निघाली, तिथेच बोथाविरुद्ध कुजबुज उघड बोलण्यापर्यंत गेली. ऑक्टोबरात युनियनच्याच फौजेतल्या मारित्झ या अधिकाऱ्याने सीमेवर बंड पुकारलं, मग डे वेट, बेयर्स, केम्प. बोथाने इंग्रज फौज न वापरता बोअरांकडूनच ते मोडून काढलं. डिसेंबरात बेयर्स पूर आलेली व्हाल नदी ओलांडताना बुडाला. डे वेट पकडला गेला. केम्प कलहारीतून घोडे मारत जर्मन हद्दीत पोचला, नंतर शरण आला, तुरुंगात गेला, सुटला, संसदेत निवडून आला आणि १९२४ मध्ये त्याच युनियनचा कृषिमंत्री झाला.

नॉनीच्या आठवणींवर धागा काढायचं मनात आहे. @ओवी, तुम्ही काढणार असाल तर मी थांबतो.

ओवी

काढते. पण मेणबत्त्या कशा ओतायच्या ते आधी नीट वाचून घेते.